कॉन्फेडरेट झेंडा: अमेरिकेच्या दक्षिणेत येणाऱ्या मराठी माणसांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साउथ कॅरोलायनात बरीच वर्षं राहते. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-बाबा भारतातून येतात आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची नवी तुकडी येते. पहिल्या महिन्याभरातच कोणाला तरी तो झेंडा दिसतो: ट्रकच्या मागे, एखाद्या पडवीत, पेट्रोल पंपावरच्या टोप्यांवर. मग फोन येतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. मी इतिहासकार नाही, पण या विषयात मी तटस्थही नाही, हे आधीच सांगते.

लाल झेंडा, त्यावर निळी तिरपी फुली आणि पांढरे तारे. हा नक्की कोणाचा?

1860 साली अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर दक्षिणेतली राज्यं एकेक करून अमेरिकेतून फुटली. 20 डिसेंबर 1860 रोजी साउथ कॅरोलायना पहिलं बाहेर पडलं. शेवटी अशी 11 राज्यं झाली आणि त्यांनी 'कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका' नावाचं वेगळं राष्ट्र मांडलं. एप्रिल 1861 मध्ये चार्लस्टनच्या बंदरातल्या फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटलं. ते चार वर्षं चाललं.

तुम्ही पाहता तो झेंडा त्या राष्ट्राच्या सैन्याचा, लढाईत वापरायचा. तारे 13 आहेत, कारण केंटकी आणि मिझुरी ही दोन राज्यंही आपलीच असा त्यांचा दावा होता.

म्हणजे हा त्यांचा राष्ट्रध्वज नव्हता?

सुरुवातीला नव्हता. मार्च 1861 मध्ये स्वीकारलेला पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा, आडवे पट्टे आणि कोपऱ्यात तारे. जुलैत व्हर्जिनियात मनॅससच्या लढाईत धुरळ्यात आपलं कोण आणि शत्रू कोण हे कळेना. म्हणून 1861 च्या अखेरीस लढाईसाठी वेगळं निशाण आलं. चार्लस्टनचे माजी महापौर विल्यम पोर्चर माइल्स यांची ती कल्पना. त्यांच्या आधीच्या आराखड्यात फुली उभी होती, ख्रिस्ती क्रॉससारखी. दक्षिणेतल्याच एका ज्यू गृहस्थाने पत्र लिहून विनंती केली की धर्माचं चिन्ह राष्ट्राच्या झेंड्यावर नको. मग ती तिरपी झाली.

मे 1863 मध्ये ही फुली राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात गेली, बाकी सगळा झेंडा पांढरा. सव्हानाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने त्या पांढऱ्या रंगाची बाजू मांडताना गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व हेच कारण उघडपणे छापलं होतं. 'रंगांचा वंशाशी काय संबंध' असं कोणी म्हणालं की मला हा संपादक आठवतो.

युद्ध गुलामगिरीवरून झालं की 'राज्यांच्या हक्कां'वरून? ऑफिसमधले लोक दुसरं सांगतात.

हा प्रश्न सुटला नाही तर पुढचं काहीच समजत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फुटणाऱ्या राज्यांनी आपली कारणं स्वतः लिहून ठेवली आहेत. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात तक्रार आहे ती उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत याची. नीट पाहा, इथे उत्तरेतली राज्यं आपला हक्क बजावत होती आणि दक्षिणेला तेच खुपत होतं. नव्या राष्ट्राच्या राज्यघटनेत तर काळ्या गुलामांवरच्या मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करायलाच मनाई होती. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स 21 मार्च 1861 रोजी सव्हानात भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या सरकारची कोनशिलाच या सत्यावर बसवली आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे.

1860 च्या जनगणनेत देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. साउथ कॅरोलायनात तर शंभरातली 57 माणसं गुलाम होती. मी राहते त्या भागात 1860 साली चौकात उभं राहून मोजलं असतं तर समोरून जाणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक कोणाच्या तरी मालकीचे निघाले असते.

हेही खरं की दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. साधा शेतकऱ्याचा पोरगा गावातले सगळे गेले म्हणून गेला, घरावर फौज चालून येते म्हणून गेला, पुढे पुढे तर सक्तीच्या भरतीत ओढला गेला. त्याच्या मनात काय होतं हे त्याचं त्याला ठाऊक. पण तो ज्या राष्ट्रासाठी लढला ते राष्ट्र कशासाठी उभं राहिलं, याबद्दल त्या राष्ट्राच्या पुढाऱ्यांनी काही झाकून ठेवलं नव्हतं.

युद्ध तर 1865 मध्येच संपलं. मग झेंडा अजून कसा?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. झेंडा कोणी, कोणत्या साली वर चढवला हे एकदा बघा.

युद्धानंतर बराच काळ तो मुख्यतः जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत आणि स्मशानभूमीत दिसायचा. कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ई. ली यांनी 1869 मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर खुणा उभारण्याच्या कामाला येण्याचं निमंत्रण नाकारलं, युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असं त्यांनी लिहिलं. पण पुढची पिढी वेगळ्या वाटेने गेली. 1894 मध्ये 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' आणि 1896 मध्ये 'सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स' या संघटना निघाल्या. पुतळे उभे राहिले, शाळेची पुस्तकं बदलली आणि गुलामगिरी बाजूला सारून शौर्य आणि त्याग यांचीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

मग 1948 साल आलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काळ्यांच्या नागरी हक्कांची बाजू घेतली म्हणून दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड त्यांचे उमेदवार झाले आणि त्यांच्या सभांमध्ये हा झेंडा फडकू लागला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवला. त्या निकालातला एक खटला इथल्याच क्लॅरेंडन काउंटीतून गेलेला. दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घातली. 1961 मध्ये आमच्या राज्याची राजधानी कोलंबिया इथल्या विधिमंडळाच्या घुमटावर हा झेंडा चढला. कारण सांगितलं गेलं युद्धाच्या शताब्दीचं. शताब्दी 1965 मध्ये संपली, झेंडा घुमटावर सन 2000 पर्यंत होता.

क्लॅरेंडनच्या ज्या काळ्या पालकांनी मुलांच्या शाळेसाठी त्या खटल्यात सह्या केल्या, त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या त्यापायी गेल्या. कोलंबियात कामासाठी आल्यावर त्यांनी मान वर केली तर त्यांना काय दिसत होतं?

काळ्या लोकांना हा झेंडा पाहून काय वाटतं?

माझा एक जुना सहकारी, वयाने मोठा, इथेच जन्मलेला काळा माणूस. कामासाठी आम्ही दोघं गाडीने एका लहान गावाकडे निघालो होतो. पेट्रोल पंपावर थांबलो. काउंटरपाशी त्या झेंड्याचे रुमाल, लायटर, कीचेन टांगलेले होते. मी आतून पाणी घेऊन आले तेव्हा तो गाडीतच बसलेला. म्हणाला, "तू जाऊन आलीस ना, मग झालं." पुढची पन्नास मैल त्याने गाडी थांबवू दिली नाही. नंतर एकदा सांगितलं की त्याचे वडील प्रवासाला निघताना कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे आधीच ठरवायचे, आणि झेंडा ही त्यांच्यासाठी थांबू नये याची पाटी होती.

त्याच्यासाठी तो रोजचा, व्यवहारातला इशारा होता. इथे मला नीट वागवलं जाईल का? पोलिसांना बोलवायची वेळ आली तर ते माझं ऐकतील का? हा हिशेब त्याला करावा लागतो, मला तितका करावा लागत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या गोऱ्या सहकाऱ्याला तर करावाच लागत नाही.

मग सगळे काळे एकाच मताचे आहेत?

नाहीत. प्यू संशोधन केंद्राने 2011 मध्ये विचारलं तेव्हा झेंडा पाहून वाईट वाटतं असं म्हणणाऱ्या काळ्यांचं प्रमाण 41 टक्के होतं, गोऱ्यांमध्ये 29. बरेच काळे लोक म्हणाले की काहीच वाटत नाही. पण या 'काहीच वाटत नाही'चा अर्थ सावकाश लावावा. रोज दिसणाऱ्या गोष्टीवर रोज रागावून माणसाला जगता येत नाही.

झेंड्याच्या बाजूने बोलणारे काळेही आहेत. नॉर्थ कॅरोलायनातले एच. के. एजर्टन हे एकेकाळी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या ॲशव्हिल शाखेचे अध्यक्ष. ते कॉन्फेडरेट गणवेश घालून, हा झेंडा खांद्यावर घेऊन 2002 मध्ये टेक्सासपर्यंतच्या पदयात्रेला निघाले. त्यांचा दाखला तुम्हाला हमखास दिला जाईल. त्यासोबत 'हजारो काळे कॉन्फेडरेट सैन्यात लढले' असंही सांगतील. तिथे एक तारीख लक्षात ठेवा: काळ्यांना सैनिक म्हणून भरती करायला त्या राष्ट्राच्या काँग्रेसने परवानगी दिली ती 13 मार्च 1865 रोजी, शरणागतीच्या चार आठवडे आधी. त्याआधी सैन्याबरोबर जे होते ते स्वयंपाकी, गाडीवान, खंदक खणणारे आणि मालकाची सेवा करणारे गुलाम. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात मात्र सुमारे 1,79,000 काळे सैनिक होते.

गोरे म्हणतात 'हेरिटेज, नॉट हेट'. वारसा आहे, द्वेष नाही. खोटं बोलतात का?

सगळे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा होते. त्यांच्या पडवीत हा झेंडा होता. आम्ही नवीन आलो तेव्हा टोमॅटोची टोपली घेऊन दारात आलेले पहिले शेजारी तेच. बोलता बोलता पणजोबांच्या वडिलांचा फोटो दाखवला, एकोणीस वर्षांचा पोरगा, व्हर्जिनियात मेलेला, प्रेतही घरी आलं नाही. झेंडा म्हणजे त्यांच्यासाठी तो पोरगा. मी त्यांना एकदा विचारलं की पलीकडच्या गल्लीतल्या काळ्या कुटुंबाला हा झेंडा कसा दिसत असेल. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही." मला वाटतं, ते मनापासून बोलत होते. आणि मला हेही वाटतं की त्यांना कोणी काही म्हणणार नाही याची तजवीज त्या झेंड्यानेच करून ठेवली होती.

या 'वारशा'त दक्षिणेचा अर्धा भाग मोजलेलाच नाही. काळी माणसंही दक्षिणेचीच. कित्येक गोऱ्यांपेक्षा त्यांची घराणी इथे जुनी. भेंडी, भात, चवळी, इथली बोली, इथलं गाणं, सगळ्यात त्यांचा हात. त्यांच्या वारशाचा झेंडा हा कसा होईल?

आणि गोऱ्यांमध्येही फूट आहे, हे आपल्या लोकांना माहीत नसतं. 2015 मध्ये झेंडा उतरवण्याच्या बाजूने विधिमंडळात उभे राहिलेल्यांत राज्य सिनेटर पॉल थर्मंड होते, त्याच स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव. या वारशाचा मला अभिमान नाही, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं. जेनी हॉर्न या आमदारबाई स्वतःला कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या वंशातल्या म्हणवतात. रडत रडत त्यांनी झेंडा काढण्याची मागणी केली.

आकडे काय सांगतात?

2015 च्या उन्हाळ्यात सीएनएनच्या पाहणीत 57 टक्के अमेरिकन म्हणाले की झेंडा हे दक्षिणेच्या अभिमानाचं प्रतीक आहे, 33 टक्के म्हणाले वंशद्वेषाचं. वंशानुसार पाहिलं की चित्र फाटतं. दक्षिणेतल्या गोऱ्यांमध्ये 75 टक्क्यांनी अभिमान म्हटलं, 18 टक्क्यांनी वंशद्वेष. दक्षिणेतल्या काळ्यांमध्ये 75 टक्क्यांनी वंशद्वेष म्हटलं, 11 टक्क्यांनी अभिमान. तेच गाव, तीच शाळा, तोच उन्हाळा, आणि आकडे आरशातल्यासारखे उलटे. पाच वर्षांनी, जुलै 2020 मध्ये, क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाच्या पाहणीत देशभरात 56 टक्के वंशद्वेष आणि 35 टक्के अभिमान असं उत्तर आलं. काळ्यांचं मत आधीपासूनच बहुतांश तिकडे होतं, तेव्हा बदलले ते मुख्यतः इतर.

अमेरिकेचे मूळनिवासी याकडे कसे पाहतात?

इथे गुंता आहे. चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांनी 1861 मध्ये कॉन्फेडरसीशी करार केले होते. त्यांच्यातल्या काही श्रीमंतांकडे काळे गुलाम होते, आणि ज्या अमेरिकी सरकारने त्यांना मूळ जमिनीवरून हाकलून दिलं त्याच्याबद्दल प्रेम असण्याचं कारणच नव्हतं. शरण येणारा सगळ्यात शेवटचा कॉन्फेडरेट सेनापती होता स्टँड वेटी, एक चेरोकी, 23 जून 1865 रोजी. जून 2020 मध्ये चेरोकी राष्ट्राने टॅलेक्वा इथल्या चौकातली दोन कॉन्फेडरेट स्मारकं हलवली.

आणि आपण? भारतीय, आशियाई लोक? 'हा त्यांचा मामला, आपल्याला काय करायचंय' हे बरोबर नाही का?

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं स्वतःही म्हटलंय.

मिसिसिपीच्या डेल्टा भागात चिनी कुटुंबं किराणा दुकानं चालवायची. रोजडेल गावातल्या एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून घरी पाठवलं. बाप कोर्टात गेला. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलगी 'गोरी' नाही, तेव्हा तिने काळ्यांच्या शाळेत जावं. मधली जागा ठेवलेलीच नव्हती.

साउथ कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर निक्की हेली यांचंच घ्या. बॅम्बर्ग या छोट्या गावातलं पंजाबी शीख कुटुंब. त्या सांगतात की लहानपणी गावातल्या एका सौंदर्यस्पर्धेत एक गोरी आणि एक काळी अशा दोन राण्या निवडायचे. हेली आणि त्यांची बहीण कशातच बसेनात म्हणून स्पर्धेतून काढलं. 2014 मध्ये गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभ्या असताना त्या म्हणाल्या होत्या की झेंड्याबद्दल एकाही कंपनीच्या प्रमुखाने माझ्याकडे तक्रार केलेली नाही. वर्षभरात त्यांनाच तो उतरवायच्या कायद्यावर सही करावी लागली. पुढे 2019 मध्ये त्या म्हणाल्या की चार्लस्टनच्या चर्चमधल्या खुन्याने (ते हत्याकांड पुढच्या उत्तरात येतं) हा झेंडा पळवला, लोकांसाठी तो सेवा, त्याग आणि वारसा होता. यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली. मला त्यांची सही महत्त्वाची वाटते आणि ते नंतरचं बोलणं पटत नाही. कंपन्यांच्या प्रमुखांना विचारण्यापेक्षा क्लॅरेंडन काउंटीतल्या एखाद्या आजीला विचारायला हवं होतं.

आपण इथे येऊ शकलो ते 1965 च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर आला. ती लाट ज्यांनी उभी केली त्यांच्या डोक्यावर हा झेंडा फडकत होता. मग आपला संबंध नाही असं कसं म्हणणार?

2015 मध्ये नक्की काय झालं?

17 जून, बुधवार. चार्लस्टनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये संध्याकाळी बायबल वाचन चाललं होतं. एक 21 वर्षांचा गोरा मुलगा आला. त्याला बसायला जागा दिली. सुमारे तासभर तो त्यांच्यात बसला आणि मग त्याने गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली. त्यांत पाद्री आणि राज्य सिनेटर क्लेमेंटा पिंकनीही होते. नंतर त्या मुलाचे या झेंड्यासोबतचे फोटो सापडले.

दुखवट्यासाठी विधिमंडळावरचे अमेरिकेचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर आले. आवारातल्या सैनिक स्मारकापाशी असलेला कॉन्फेडरेट झेंडा मात्र पूर्ण उंचीवर राहिला. सन 2000 मध्ये एनएएसीपीच्या बहिष्कारानंतर तो घुमटावरून उतरवून तिथे लावला होता, आणि तेव्हाच्या तडजोडीच्या कायद्याने विधिमंडळाशिवाय कोणालाच त्याला हात लावता येत नव्हता. 24 जूनला पिंकनी यांची शवपेटी घोड्यांच्या गाडीवरून विधिमंडळात आली. आतल्या एका खिडकीतून बाहेरचा तो झेंडा दिसायचा. त्या खिडकीवर काळं कापड टाकलं होतं. त्याच बुधवारी संध्याकाळी मदर इमॅन्युएलमध्ये बायबल वाचन पुन्हा सुरू झालं.

27 जूनच्या पहाटे ब्री न्यूसम ही काळी तरुणी हेल्मेट आणि दोर बांधून तीस फुटी खांबावर चढली. खाली कुंपणाच्या आत जेम्स टायसन हा गोरा साथीदार उभा होता. पोलीस खालून हाका मारत होते. तिने झेंडा सोडवला आणि बायबलमधली वचनं म्हणत खाली उतरली. दोघांनाही अटक झाली. तासाभरात नवा झेंडा वर चढला.

मग विधिमंडळात वाद. कनिष्ठ सभागृहात तेरा तासांच्या चर्चेनंतर 94 विरुद्ध 20 मतं पडली. 10 जुलैला सकाळी झेंडा उतरला. मी त्या गर्दीत होते. झेंडा खाली यायला एखादं मिनिट लागलं असेल. माझ्या पुढे एक वयस्क काळ्या बाई घडीची खुर्ची घेऊन बसल्या होत्या, झेंडा उतरू लागला तशा उठून उभ्या राहिल्या आणि तो गुंडाळून नेला जाईपर्यंत उभ्याच होत्या. त्या ओरडल्या नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत.

मिसिसिपीच्या राज्यध्वजातच ही फुली होती म्हणे?

होती, 1894 पासून. राज्यात दर शंभरातली 38 माणसं काळी असून. 2001 च्या सार्वमतात सुमारे 64 टक्क्यांनी ती ठेवायचं ठरवलं, मतं बरीचशी वंशानुसारच पडली. पुढे आठही सरकारी विद्यापीठांनी राज्यध्वज लावणं बंद केलं. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यावर दबाव वाढला. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉलपटू कायलिन हिल याने जाहीर केलं की झेंडा बदला, नाहीतर मी राज्यासाठी खेळणार नाही. 30 जूनला जुना झेंडा रद्द झाला. नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाच्या नव्या झेंड्याला सत्तर टक्क्यांहून अधिक मतं मिळाली.

स्वस्तिकासारखंच नाही का हे? मूळ चिन्ह चांगलं, वाईट लोकांनी पळवलं?

आपल्याकडून हा प्रश्न येणारच. स्वस्तिक आपल्या उंबऱ्यावर, चोपडीवर, कलशावर हजारो वर्षं आहे. नाझींच्या आधी त्याला स्वतःचं आयुष्य होतं आणि आजही आहे. या झेंड्याला 1861 च्या आधीचं आयुष्यच नाही. तो त्या युद्धात आणि त्या कारणासाठीच जन्मला. पळवायला त्याआधीचा वेगळा अर्थ असायला हवा. म्हणून ही तुलना मला पटत नाही.

झेंडा लावायला कायद्याने बंदी आहे का?

स्वतःच्या घरावर, गाडीवर लावायला नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. सरकार स्वतः काय लावतं हा वेगळा मुद्दा. टेक्सासने गाडीच्या नंबरप्लेटवर हा झेंडा छापायला नकार दिला, तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 18 जून 2015 रोजी, चार्लस्टनच्या हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, 5 विरुद्ध 4 ने टेक्सासच्या बाजूने निकाल लागला. पाचवं मत होतं क्लॅरेन्स थॉमस यांचं, एरवी कट्टर परंपरावादी, आणि त्या वेळी न्यायालयातले एकमेव काळे न्यायमूर्ती. वॉलमार्ट, ॲमेझॉनने त्याच महिन्यात विक्री थांबवली. नॅस्कार या मोटारशर्यतींच्या संस्थेने जून 2020 मध्ये आपल्या मैदानांवर बंदी घातली.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

दोन आहेत, आणि दोन्ही दुर्लक्षित.

पहिला कापसाचा. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस गुलामांच्या हातून दक्षिणेतून जायचा. युद्धात उत्तरेने बंदरं रोखली आणि मँचेस्टरची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचं वेड लागलं. 1865 मध्ये कॉन्फेडरसी कोसळली तशी मुंबईही कोसळली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्य बुडाले. म्हणजे या झेंड्याचा पराभव मुंबईच्या बाजारातही नोंदला गेला.

दुसरा संबंध मला जास्त जवळचा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं तेव्हा ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी इच्छा तिथे लिहिली. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं की हा परक्यांचा मामला नाही.

शेजाऱ्याच्या घरावर झेंडा आहे. काय करू?

घाबरून घर बदलायची गरज नाही. भांडायलाही जाऊ नका. ओळख ठेवा. बोलणं झालं आणि वेळ जुळली तर विचारा की तुमच्या घराण्यातलं कोण युद्धात होतं. ऐकून घ्या, आणि तुमचं मतही सांगा. धमकी, शिवीगाळ असं काही झालं तर मात्र तारीख-वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांकडे नोंद करा. काळे मित्र घरी येणार असतील तर त्यांना आधी कल्पना द्या.

मुलाने पिकनिकला या झेंड्याची टोपी विकत घेतली. ओरडू का?

ओरडू नका, सांगा. आमच्याकडे असंच झालं होतं, मुलगा दहा वर्षांचा होता आणि त्याला फक्त तारे आवडले होते. त्याला स्टीफन्सच्या भाषणातल्या त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. टोपी कपाटातच राहिली.

आई-बाबा येणार आहेत. हे सगळं समजेल असं काय दाखवू?

कोलंबियात विधिमंडळाच्या आवारात जा. सैनिक स्मारक अजून आहे, पुढे खांब होता तिथे आता काही नाही. उतरवलेला झेंडा गावातल्याच कॉन्फेडरेट रेलिक रूम या संग्रहालयाकडे गेला. चार्लस्टनला मदर इमॅन्युएल पाहा. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला गुलामगिरीचा कैवारी जॉन कॅल्हून याचं नाव आहे. जवळच्या चौकातला त्याचा पुतळा जून 2020 मध्ये काढला. तिथून गॅड्सडेन्स वॉर्फवर जा, आफ्रिकेतून आणलेली हजारो माणसं जिथे उतरवली त्या धक्क्यावर 2023 मध्ये आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलंय. अर्धा दिवस तरी ठेवा.

कोलंबियाच्या आवारातच, 2001 मध्ये उभारलेलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं स्मारक आहे. बहुतेक पर्यटक घुमटाचा फोटो काढून निघून जातात, तुम्ही तिथपर्यंत चालत जा. गुलामांच्या जहाजात माणसं कशी रचायचे त्याचा आराखडा दगडात कोरलाय आणि आफ्रिकेच्या चार भागांतून आणलेले चार दगड बसवलेत, हात लावता येतील असे. माझी आई चारही दगडांवरून तळहात फिरवत गेली, मग पुन्हा पहिल्यापाशी आली आणि विचारलं, "हा कुठला म्हणालीस?"